दोन्ही बाजूंनी धार

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात चाल न्हाई, पण हे सांगताना मी घेणार. हौशीराम. घेतलं बगा. माझा चाकू ज्या माणसानं दोन्ही बाजूंनी घासून आणला, त्याचं नाव झाकून ठेवायला मी काय साधुसंत न्हाई.

तुमी म्हणाल, बाई, चाकूला दोन्ही बाजूंनी धार लावली तर बिघडलं काय? कांदा चिरायच्या चाकूला लावा, काय बिघडत न्हाई. माझा चाकू कलमाचा व्हता. घडीचा, लाकडी मुठीचा, मिटला की कनवटीला बसायचा. त्याच्या पात्याची एक बाजू पाटासारखी सपाट, आन धार फक्त दुसऱ्या बाजूनं उतरती घासलेली. झाडाची जी काडी दुसऱ्या रोपावर बांधायची, तिच्यावर ती सपाट बाजू टेकून चाकू ओढला, की काप सरळ पडतो. काप सरळ, तर काडी रोपाच्या खाचेत अंगाला अंग लावून बसती आन जीव धरती. मधी केसाएवढी फट राहिली तरी काडी वाळून जाती. एवढंच गणित हाय, पण ते ज्याला कळत न्हाई त्याला जन्मभर कळत न्हाई.

मला ते जानकूनं शिकवलं. आळेफाट्याच्या अलीकडं रस्त्याला एक नर्सरी व्हती, तिथं मी राजुरीवरनं कामाला जायची. बाया पिशव्या भरायच्या, पट्ट्या बांधायच्या. चाकू फक्त जानकूच्या हातात. म्हातारा तापट, पण माझ्याहून कमीच. त्याच्यापाशी भांडून भांडून मी चाकू धरायला शिकले. त्यानं आधी दोन महिने मला काडीच कापू दिली न्हाई, नुसता दगड दिला. दगडाला आमी निसणा म्हणतो. त्याच्यावर पाणी शिंपडायचं, चाकूची उतरती बाजू टेकवायची, आन एकाच कोनात मागं-पुढं, मागं-पुढं. मनगट हललं की जानकू मनगटावरच फटका मारायचा. घासता घासता धारेचा बारीक काटा पलीकडं उलटतो, नखाला लागतो. मंग चाकू उलटा करून सपाट बाजू दगडावर अख्खी आडवी निजवायची आन एकदाच हलक्या हातानं ओढायची. तिरकी टेकवलीस तर बोटं मोडीन, म्हणायचा. शेवटी जुन्या वहाणेच्या चामड्यावर दोन-चार हात. पेरूची डहाळी कापून बगायची, काप ओल्या काचेसारखा चकाकला तर झालं. काप खरखरीत दिसला तर परत दगड.

आन आणखी एक. कलमवाला आपला चाकू दुसऱ्याच्या हातात देत न्हाई. भाऊ असो, बाप असो. ज्याच्या हाताची सवय, त्याच्याच हातात ती धार राहती. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक व्हतं. ठाऊक व्हतं, ऐकलंत ना? पुढं कामाला येईल.

आता माझ्या आईचं सांगते. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. भाताची खाचरं, नाचणी, वरई. सखूबाई माझी आई. बाप गेलेला, मी एकटीच पोर. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला व्हता, बारसं व्हायच्या आधीच गेला. त्याला घराखालच्या शेंदऱ्या आंब्याच्या मुळाशी पुरला. आईनं त्याचं नाव कधी ठेवलं न्हाई, पण जेवताना पहिला घास त्या आंब्याच्या दिशेनं बगूनच घ्यायची. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या आया तशाच जेवतात.

खाली धरण बांधून झालं, आन त्या साली पाणी अडवणार असं सरकारी माणसं सांगून गेली. आंबा बुडितात, घर त्याच्या जरा वर, पण तेबी बुडितातच. पाड्यावरची माणसं छपराची लाकडं काढून, गुरं हाकून एक एक करून निघाली. आई निघेना. मी न्यायला गेले, तर भात कांडत बसली व्हती.

"आई, चल माझ्याकडं राजुरीला."

"आन त्याला कोण आणणार?" आंब्याकडं बोट.

"झाड काय डोक्यावर घेऊन येऊ का?"

"तुला कलमं करता येतात म्हणतीस ना? त्याचं कलम कर. त्याला पालवी फुटली, आन मी डोळ्यांनी बघितली, की उठते. तवर पाणी चुलीत शिरलं तरी न्हाई उठायची."

माझी आई कमी बोलती, पण बोलली की खुंटा रोवल्यासारखी. मला राग आला, लई आला. तिचा न्हाई, ज्यांनी तिला या वयात असलं बोलायला लावलं त्यांचा. जिथं पाणी अडवलं तिथली माणसं उठवायची, आन खाली देशावर आमच्या उसाला कालवा. माझंच माहेर बुडवून माझंच सासर भिजवायचं, आन वर लोक मला म्हणणार, सरू, तुझी चांदी झाली गं! एकानं म्हटलं तसं, तर मी त्याला पारावरच असं काय सुनावलं की तो आजबी मला बघून रस्ता बदलतो.

पण कलम करायचं ठरवलं. आंब्याच्या शेंड्याच्या काड्यांची पानं आधी खुडून ठेवावी लागतात, नुसती देठं ठेवायची, म्हंजे आठ-दहा दिवसांत शेंड्याचा डोळा, कोंब फुटायची जागा, फुगतो. ती खुडून आले. राजुरीला परसात माझी रायवळ कोयीची रोपं पिशव्यांत तयार व्हती. दहा दिवसांनी परत गेले, फुगल्या डोळ्यांच्या काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. त्याच दिवशी खालच्या अंगाला झाडं तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले व्हते. आईनं त्यांना चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंबा आडवा केला, हे मला नंतर कळलं. म्हंजे जगात त्या आंब्याचं जे काय उरलं व्हतं ते माझ्या गोणपाटात. दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी काडी सुरकुतती.

एसटी बदलत बदलत संध्याकाळी घरी पोचले. हौशीराम ओट्यावर बसलेला, तोंडभर हसत. त्याचा टेम्पो, आळेफाट्याच्या गॅरेजवर त्याची ऊठबस. माणूस वाईट न्हाई, हे मी रागातबी सांगते. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनमोकळं भांडता आलं असतं.

"सरे, डोळे मिट," म्हणाला.

"का?"

"मिट तर!"

मी मिटले, एवढी मी येडी. हातात काहीतरी गार ठेवलं. उघडून बघते तर माझा चाकू. काड्या तोडायला मी कोयता नेला व्हता आन चाकू घरी फळीवर ठेवला व्हता, धार मोडू नये म्हणून. पातं असं लखलखीत की त्यात माझं तोंड दिसलं. दोन्ही बाजूंनी. टोकाकडं पोलादावर निळा-जांभळा डाग.

"रोज त्या दगडावर घासत बसतीस, हात दुखतात तुझे. म्हटलं एकदाच काम करून टाकू. गॅरेजवर मशीनवर धरला, पाच मिनिटांत आरसा! बघ, दोन्ही बाजूंनी धार. आता वर्षभर बघायला नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.  आन मी सुटले.

"कुणी सांगितलं व्हतं? कुणी? अवो, तुमची अक्कल काय त्या गॅरेजवर गहाण टाकली का? दहा वर्षं बघताय मी एका बाजूनं घासते! डोळे फुटले व्हते का? एकदा तरी विचारलंत, सरे, एकाच बाजूनं का गं घासतीस? त्या मशीनवाल्याचा मुडदा बसवला! पोलाद जाळलं त्यानं, निळं केलं, पाणी उतरवलं त्याचं! आन तुमी आरसा म्हणून घेऊन आलात?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी! माझ्यासाठी करायचं तर हात लावायचा न्हाई, एवढं एक करायचं व्हतं. तेवढंच व्हत न्हाई तुमच्यानं!"

 मला वाटलं उलटून बोलेल, तर "काही करता येईल का?" म्हणाला, आन त्या पडेल आवाजानं मला आणखीच चीड आली.

जानकूला गाठावा म्हटलं, तर तो दापोलीकडं कलमं बांधायला गेलेला, आपला चाकू खिशात घेऊन. दुकानात मिळतात ते भाजीचे चाकू. दाढीचं पातं घेऊन बघितलं, पण आईच्या काड्या कठीण, करंगळीएवढ्या जाड. पातं वाकायचं आन काप वेडावाकडा जायचा. एक काडी त्यात फुकट गेली. मंग म्हटलं, बस बाई दगडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ओट्यावर बसले. चूल पेटवली न्हाई. निळा डाग म्हंजे पोलाद मऊ पडलेलं, तिथं धार टिकत न्हाई, दोन काडीत मुडपती. म्हणून तो सगळा डाग घासून काढायचा, मागचं कडक पोलाद लागेस्तोवर. त्यात सपाट बाजूला मशीननं पोट आणलेलं. ती सपाट करायला दगडच आधी सपाट पायजे, म्हणून फरशीवर वाळू आन पाणी टाकून दगड घासला, मंग दगडावर चाकू. मागं-पुढं, मागं-पुढं. प्रत्येक हाताला एकेकाला शिव्या. धरणाला, मशीनला, कुऱ्हाडवाल्यांना, हौशीरामला, आन मधे मधे आईलाबी. हो, आईलाबी! सोप्पं काहीतरी मागितलं असतं म्हातारीनं. लुगडं मागायचं व्हतं.

हौशीराम पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी आला. "मी घासू का जरा? तुझी बोटं सोललीत."

"लांब व्हा."

तो पायरीवर बसून राहिला. माझी बोटं सोलली व्हती, खोटं कशाला सांगू, दगडावरचं पाणी लाल दिसत व्हतं. पण ज्या हातानं मोडलं त्याच हातानं सांधायला दिलं, तर मला माझा राग कुठं ठेवावा तेच कळलं नसतं.

दुपार कलली तवा धार आली. पेरूच्या डहाळीवर बघितली. काप चकाकला, पण मधे एक पुसट रेघ. सपाट बाजूचं पोट पुरतं गेलं नव्हतं. ते जायला आणखी दोन दिवस लागले असते, आन माझ्यापाशी एक संध्याकाळ व्हती. गोणपाट उघडलं तर काड्यांची साल सैल पडायला लागलेली. काय करणार? बसले. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर, काडीला दोन्हीकडून पाचरीसारखा काप, चिरेत बसवायची, पट्टीनं आवळायची. पहिली जोडणी उजेडापुढं धरली, तर काडी आन रोपाच्या मधून बारीक उजेड दिसला. काप परत घेतला, परत उजेड. चाकू चामड्यावर ओढला, परत काप. काडी आखूड व्हत गेली. शेवटी जशी बसली तशी आवळली. सगळी तशीच बांधली. हात चालत व्हते, पण मनाला आधीच कळलं व्हतं.

पंधरा दिवस मी त्या पिशव्यांपाशी सकाळ-संध्याकाळ जायची. आधी एका काडीचा डोळा जरा हिरवा दिसला, माझा जीव भांड्यात पडला. मंग तोबी काळा पडला. एक एक करून सगळ्या काड्या काळ्या पडल्या, नखानं खरवडलं तर आत वाळकं लाकूड. तिकडून खबर आली, पाणी खाचराच्या बांधाला लागलं, म्हातारी दारातच बसून हाय.

एका पिशवीत मात्र पालवी फुटली. तांबूस, कोवळी, बोटभर. मी धावले, आन बघते तर जोडाच्या खालून. म्हंजे आईच्या आंब्याची न्हाई; खालच्या रायवळ रोपाची. कलमवाला असली पालवी दिसली की खुडून फेकतो. मी हात घातला खुडायला, तेवढ्यात मागून हौशीराम म्हणाला, "थांब. खुडू नको."

"का?"

"ही मामीला दाखवू. जोडावर फडकं गुंडाळू, कळणार न्हाई."

मी त्याच्या अंगावरच गेले. "माझ्या आईला फसवायचं? तुमची ही हिंमत? माझा चाकू जाळलात, काड्या जाळल्यात, आता मला लबाड करायला निघालात?"

"सरे, पाणी चुलीत शिरेल. तुला आई पायजे का आंबा पायजे?"

 मी आणखी ओरडले, आन ओरडून झाल्यावर त्याच्या मित्राच्या राजदूत फटफटीवर हौशीरामच्या मागं बसले. रोप माझ्याच मांडीवर. नारायणगाव गेलं, मंचर गेलं, घोडेगाव गेलं. पावसानं झोडपलं. मनात एकच घोकत व्हते, दारात पाय ठेवल्या ठेवल्या खरं सांगायचं. आई, चाकू बिघडला, कलम लागलं न्हाई, तुझा आंबा गेला. माझं तोंड उभ्या तालुक्यात कुणापुढं बंद झालेलं न्हाई, आईपुढं का व्हावं?

पाड्यावर एकच छप्पर उरलं व्हतं. पाणी अंगणाच्या खालच्या पायरीला, गढूळ, त्यात कुणाचं तरी सूप तरंगत व्हतं. आंब्याची जागा कुठली तेच दिसेना, नुसतं पाणी. आई उंबऱ्यावर बसलेली. पाय भिजू नयेत म्हणून वर घेतलेले. ती एवढीशी दिसत व्हती की माझा राग क्षणभर कुठं गेला कळलं न्हाई.

हौशीराम पुढं झाला. माझ्या हातातून पिशवी घेतली, तिच्यापुढं ठेवली. "मामी, बघा. तुमच्या शेंदऱ्याला पालवी फुटली. सरूनं जगवला."

आईनं पालवीला बोट लावलं. पान उलटं करून पाहिलं. मंग सावकाश जोडावरचं फडकं सोडलं. हौशीरामनं हात पुढं केला, परत मागं घेतला. फडक्याखाली पट्टी, पट्टीच्या वर काळी काडी, आन पट्टीच्या खाली ती पालवी. आईनं काडी चिमटीत धरली, कट्‌ करून मोडली. आत ओल न्हाई.

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. एवढे शब्द तयार करून आणले व्हते, एकबी बाहेर आला न्हाई.

आईनं हौशीरामकडं बघितलंच न्हाई. माझ्याकडंच बघत व्हती. मंग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पावण्यांचं काय न्हाई गं," म्हणाली. "त्यांनी जीव लावून खोटं सांगितलं. पण सरू, तू गप उभी हाईस. तू! माझ्यासमोर खोटं चाललंय आन माझी पोर गप उभी हाय. आता आणखी काय बघायला थांबू मी इथं?"

आत जाऊन तिनं गाठोडं आणलं. ते बांधून ठेवलेलंच व्हतं.